मदत कोणाला, कशाची आणि कोठवर?

गेल्या हिवाळ्यातील एका जुमाची गोष्ट. नमाज आटोपून मी बाहेर आलो, तेव्हा वुजूखान्याजवळ दोन सख्खे भाऊ माझी वाट पाहत उभे होते. धाकट्याने नंदुरबारच्याच आयटीआयमधून फिटरचे प्रशिक्षण पूर्ण केले होते आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत शिकाऊ उमेदवार म्हणून अर्ज करण्याचे त्याच्या मनात होते. आपल्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने गेले, की भुसावळच्या पलीकडे थोड्याच अंतरावर वरणगाव लागते. तेथे बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. घरची परिस्थिती अशी, की वडील मिरचीच्या पथारीवर मजुरी करतात आणि हंगाम संपला की घरात बसतात.

थोरला म्हणाला, "मौलाना साहेब, ती गोळी उद्या कोणत्या देशात जाईल आणि कोणाच्या लेकराच्या छातीत शिरेल, हे कोणी सांगावे? ती कमाई हलाल कशी होईल?"

धाकटा काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मौलाना, युक्रेनला शस्त्रे मिळतात तेव्हा भाई म्हणतो, बरोबर आहे, त्यांच्यावर हल्ला झाला. इस्राईलला मिळतात तेव्हा म्हणतो, हराम आहे. मग शस्त्र देणे हराम, की आपल्याला न आवडणाऱ्याला देणे हराम? मला एकदा नियम सांगा."

प्रिय वाचकहो, खरे सांगायचे तर त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी त्यांच्याकडून दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. त्या दोन आठवड्यांत जे वाचले आणि ज्या निष्कर्षाला आलो, ते येथे आपल्यासमोर ठेवीत आहे. हा प्रश्न त्या दोघा भावांपुरता नाही. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या, की आपल्या प्रत्येक घरात तो उभा राहतो.

प्रारंभ सूरह अल्-अनफालच्या ७२ व्या आयतीपासून करू. हिजरत करून मदीनेस आलेले मुहाजिर आणि त्यांना आश्रय देणारे अन्सार यांचे परस्परांशी असलेले नाते या आयतीत सांगितले आहे. त्यानंतर जे श्रद्धावंत मागे राहिले, ज्यांनी हिजरत केली नाही, त्यांचा उल्लेख येतो. त्यांनी धर्माच्या बाबतीत तुमच्याकडे साहाय्य मागितले तर ते करणे तुमच्यावर कर्तव्य आहे, असे अल्लाहने फर्माविले. आणि लगेच त्याच वाक्यात अपवाद घातला, की ज्या लोकांशी तुमचा करार झालेला आहे, त्यांच्याविरुद्ध मात्र नाही.

या अपवादापाशी थोडे थांबावे, कारण आपल्या व्याख्यानांतून आयतीचा पहिला भाग मोठ्या आवाजात सांगितला जातो आणि दुसरा बहुधा वगळला जातो. हाक मारणारा आपलाच श्रद्धाबंधू आहे, त्याची तक्रारही खरी असू शकते. तरीही आपण एखाद्या समूहाशी शांततेचा शब्द दिलेला असेल, तर त्या समूहावर तलवार घेऊन धावण्याची परवानगी नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) यांची घटना आहे. बद्रच्या वेळी ते आणि त्यांचे वडील मदीनेकडे येत असताना कुरैशांनी त्यांना वाटेत अडविले आणि युद्धात भाग घेणार नाही, असे वचन घेऊनच सोडले. मुस्लिमांची संख्या तीनशेच्या थोडी वर होती, समोर सुमारे हजार होते आणि एकेक माणूस मोलाचा होता. तरीही अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) त्या दोघांना वचन पाळण्यास सांगून परत पाठविले. शत्रूने दडपणाखाली घेतलेला शब्द, तोही पाळला गेला.

येथे वाचकाच्या मनात शंका यावी, आणि ती रास्त आहे. असे असेल, तर जुलमी माणसाने आधी करार करून ठेवावा आणि मग निश्चिंतपणे जुलूम करावा, असे होणार नाही काय? या शंकेचे उत्तर सीरतमध्येच आहे.

हिजरी सन ६ मध्ये हुदैबियाचा तह झाला. दहा वर्षे युद्ध नाही, आणि अरबांतील ज्या टोळीला ज्या पक्षाबरोबर राहायचे असेल तिने राहावे, असे ठरले. बनू खुजाआ प्रेषितांच्या (स.) बाजूस आले, बनू बक्र कुरैशांकडे गेले. या दोन टोळ्यांत जुने वैर होते. दोन वर्षे लोटण्याच्या सुमारास बनू बक्रच्या लोकांनी अल्-वतीर नावाच्या पाणवठ्यावर खुजाआच्या वस्तीवर रात्री छापा घातला. माणसे मारली गेली आणि हरमच्या आश्रयाला धावलेल्यांचाही पाठलाग झाला. या छाप्यासाठी कुरैशांनी बनू बक्रला शस्त्रे पुरविली होती, आणि त्यांच्यातील काहीजण रात्रीच्या काळोखात स्वतःही सामील झाले होते.

खुजाआचे अम्र बिन सालिम मदीनेस पोहोचले आणि मशिदीत उभे राहून त्यांनी गाऱ्हाणे मांडले. मक्केत कुरैशांचे डोळे आता उघडले. अबू सुफियान तहाची मुदत वाढवून घेण्यासाठी धावत मदीनेस आले, पण रिकाम्या हाताने परतले. त्या रमजानमध्ये मक्का जिंकली गेली.

कुरैशांनी मनाची कोणती समजूत घातली असेल, याचा विचार करून पाहा. आम्ही तर युद्ध पुकारले नाही. आम्ही फक्त आमच्या मित्राला हत्यारे दिली, त्याचे त्याने काय केले ते तो जाणे. आजच्या राजधान्यांतूनही हेच ऐकू येते. प्रेषितांनी (स.) ही सबब मानली नाही. निरपराध वस्तीवर चालून जाणाऱ्याला शस्त्र पुरविणारा तटस्थ राहत नाही. तह मोडला तो त्या पुरवठ्याने आणि त्या साथीने.

म्हणजे करार आपला हात आवरतो. तो आपल्याला कोणा जुलमी माणसाच्या हाती तलवार देण्यास भाग पाडीत नाही. सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीत नेकी आणि तकवा यांच्या कामी एकमेकांना सहकार्य करण्याची आज्ञा आहे, तर पाप आणि अतिक्रमण यांच्या कामी सहकार्यास मनाई आहे. तेथे मित्र आणि शत्रू असा भेद केलेला नाही. उलट त्याच आयतीत बजावले आहे, की मस्जिद-ए-हरामपासून तुम्हाला रोखणाऱ्यांचा द्वेषदेखील तुम्हाला अतिक्रमणाकडे नेता कामा नये. जालीम असो वा मजलूम, आपल्या बांधवाला मदत करा, ही बुखारी शरीफमधील हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. सहाबींनी विचारले, की जालीमला मदत कशी करावी? प्रेषितांनी (स.) समजावले, की त्याला जुलमापासून रोखणे हीच त्याची मदत होय.

आता शस्त्रांच्या देण्याघेण्याकडे वळू. मक्का-विजयानंतर हुनैनच्या मोहिमेपूर्वी प्रेषितांना (स.) चिलखतांची गरज होती. ती सफवान बिन उमय्या यांच्याकडे होती, आणि तोवर सफवान मुस्लिम झालेले नव्हते. त्यांनी विचारले, की हे बळजबरीने घेता काय? उत्तर मिळाले, की नाही, हे परतफेडीच्या हमीचे उसने आहे. युद्धानंतर मोजदाद झाली तेव्हा काही चिलखते हरवलेली निघाली. प्रेषितांनी (स.) भरपाई देऊ केली, पण सफवान यांनी ती घेतली नाही, त्यांच्या मनाची अवस्था आता पहिली राहिली नव्हती. मला या घटनेतील हिशेब फार मोलाचा वाटतो. जिंकलेल्या शहरातील पराभूत माणसाकडूनही युद्धसाहित्य घेतले ते विचारून, मोजून आणि हमी देऊन. परधर्मीयाकडून अशी मदत घेता येते, हेही यातून कळते.

विक्रीबाबत इमाम बुखारींनी फितन्याच्या काळातील शस्त्रविक्रीवर स्वतंत्र प्रकरणच घातले आहे आणि आरंभीच नोंदविले आहे, की हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना अशी विक्री नापसंत होती. आपल्या हनफी मदरशांत शिकविल्या जाणाऱ्या 'हिदाया' या ग्रंथात तर एक बारीक भेद केलेला आहे. द्राक्षाचा रस घेणारा त्याची दारू करील हे माहीत असूनही इमाम अबू हनीफा (रह.) रसाची विक्री वैध ठरवितात, कारण पाप त्या रसात नाही, त्याचे रूप बदलल्यावर ते घडते. शस्त्राचे तसे नाही. ते जसे विकले तसेच पाप घडविते. म्हणून फितना माजविणाऱ्यास, तो तसा आहे हे ठाऊक असताना, शस्त्र विकणे मकरूह आहे. आणि ठाऊक नसेल तर? तर हरकत नाही, असे तेथेच म्हटले आहे. कोकणातील आमच्या शाफई वाचकांनी आपल्या आलिमांकडून खात्री करून घ्यावी. माझ्या वाचनाप्रमाणे तेथेही हा प्रश्न विकणाऱ्याला निश्चित ज्ञान आहे की केवळ शंका, याच मुद्द्याभोवती फिरतो.

एवढी शिदोरी घेऊन धाकट्याच्या प्रश्नाकडे येऊ. युक्रेन आणि इस्राईल यांना एक नियम लावता येतो काय? येतो, आणि लावलाच पाहिजे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले. ज्याच्या घरात शत्रू शिरला त्याला स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, आणि त्याला साहाय्य करण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ५१ वे कलमही मान्य करते. या युद्धात मुस्लिम कोणत्या बाजूस आहेत, असे एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले होते. दोन्ही बाजूंस आहेत. क्रिमियाचे तातार युक्रेनकडून लढतात आणि चेचेन तुकड्या रशियाकडून. नाव पाहून न्याय ठरवू पाहणाऱ्याची येथे पंचाईत होते.

मात्र बाजू न्यायाची असली म्हणून वाटेल ते शस्त्र देता येत नाही. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर बॉम्ब देण्याचे ठरविले. या बॉम्बमधून विखुरणारे काही लहान गोळे फुटत नाहीत. ते शेतात पडून राहतात आणि युद्ध संपल्यावर एखादे पोर खेळणे समजून उचलते. शाम देशाकडे निघालेल्या सेनापतीला हजरत अबू बक्र (रजि.) यांनी स्त्रिया, मुले, वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, अशा सूचना दिल्या होत्या, त्या 'मुवत्ता'मध्ये नोंदलेल्या आहेत. त्या मापाने हे शस्त्र कोणाच्याच हाती शोभत नाही. आणि हो, रशियानेही ते वापरले, ही सबब होऊ शकत नाही.

हेच माप गाझाला लावा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी निःशस्त्र नागरिक मारले गेले, ओलीस नेले गेले. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या त्या सूचना ज्याला मान्य आहेत, त्याला या कृत्याचे समर्थन करता येणार नाही. हे वाक्य काही वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु त्यानंतर गाझात जे घडले, हजारो मुलांचे मृत्यू, रुग्णालयांचा विध्वंस, अन्नाची नाकेबंदी, ते सर्व जगाच्या डोळ्यांदेखत घडले. २६ जानेवारी २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्राईलला अंतरिम आदेश दिले. त्यानंतर शस्त्र पाठविणाऱ्या कोणालाही 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही. 'हिदाया'तील ती सवलत न जाणणाऱ्यासाठी आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ३५० पैकी ३० परवाने स्थगित केले, ते याच ज्ञानाचे ओझे जाणवल्यामुळे. अमेरिकेने मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये युक्रेन, इस्राईल आणि तैवान यांच्यासाठी मिळून सुमारे ९५ अब्ज डॉलरची तरतूद संमत केली. एकाच कायद्यात बचाव करणाऱ्यालाही मदत आणि नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकणाऱ्यालाही.

आपल्या देशाचे काय? ५ एप्रिल २०२४ रोजी मानवी हक्क परिषदेत इस्राईलला शस्त्रे न देण्याचे आवाहन करणारा ठराव २८ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या १३ देशांत भारत होता. पुढे काही निवृत्त अधिकारी, अभ्यासक आणि कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. इस्राईलला शस्त्रे पाठविणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत, अशी त्यांची मागणी होती. परराष्ट्र धोरण हा सरकारचा विषय आहे आणि करार मोडल्यास कंपन्यांवर दावे होऊ शकतात, असे सांगून न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी याचिका फेटाळली. न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाबत मी बोलणार नाही; तो कायदेपंडितांचा विषय आहे. पण शरीअतच्या विद्यार्थ्याला करार या शब्दापाशी थांबावेसे वाटते. रक्तपात थांबविणारा तह आणि मालाचा सौदा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मुस्लिम आपल्या अटींना बांधलेले आहेत, परंतु हरामला हलाल करणाऱ्या अटीला नाहीत, अशी हदीस तिर्मिजीत आहे. ज्या नागरिकांनी ती याचिका केली, त्यांनी कायद्याच्या चौकटीत राहून जुलमाला रोखण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यात कोण कोणत्या धर्माचे होते, हे मी पाहिलेही नाही.

९ सप्टेंबर ही तारीख नंदुरबारकरांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. १९४२ च्या त्या दिवशी येथे विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती हुतात्मा झाले. त्या आंदोलनाच्या मुळाशी युद्धाला मदत करण्याचाच वाद होता, हे आपण विसरतो. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीयांना न विचारता भारताला युद्धात ओढले. हिटलर जुलमी होता यात शंका नव्हती, काँग्रेसलाही नव्हती. पण ज्याला स्वातंत्र्य नाही त्याच्या नावाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी माणसे आणि पैसा न्यायचा, हा कोणता न्याय, असा प्रश्न होता. मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तीन वर्षांनी तो वाद आपल्या माणिक चौकात रक्तापर्यंत पोहोचला. सफवान यांना मात्र विचारले गेले होते.

त्याच वर्षांत मदतीची एक वेगळी वाटही आपल्या लोकांनी दाखविली. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा पारतंत्र्यातील भारताकडे देण्यासारखी शस्त्रे नव्हती. काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस परतले नाहीत. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत ते डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच वारले, वय अवघे बत्तीस. त्याआधी, १९१२ च्या अखेरीस, बाल्कन युद्धात होरपळणाऱ्या तुर्कस्तानसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक मुंबईहूनच निघाले होते. तेव्हा अनेक तरुण तलवारीची भाषा करीत होते. अन्सारी साहेबांनी मलमपट्टी नेली, आणि जे नेले ते कामी आले.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण काही तरुण मला विचारतात, की आपण स्वतः तेथे जाऊन का लढू नये? बेटा, आयत ७२ चा दुसरा भाग पुन्हा वाच. या देशाचा नागरिक म्हणून तू एका करारात आहेस. भारताशी शांततेचे संबंध असलेल्या परकीय राष्ट्राविरुद्ध युद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या १५३ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि हुजैफा (रजि.) यांच्या घटनेनंतर तो शरीअतच्या दृष्टीनेही हलका विषय नाही. मोबाइलवर आलेल्या कोणत्याही क्यूआर कोडवर पैसे पाठविणे हेही तसेच. ते कोणाच्या खिशात जातात आणि त्याचे काय विकत घेतले जाते, हे न कळता दिलेला पैसा म्हणजे काळोखात दिलेले हत्यार होऊ शकतो. नोंदणी असलेल्या, पावती देणाऱ्या आणि परदेशी रक्कम पाठविण्याची परवानगी असलेल्या मार्गानेच औषध-अन्नासाठी द्या. आपल्या सरकारनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझासाठी औषधे आणि मदतसाहित्याचे विमान इजिप्तमार्गे पाठविले होते. अशी मदत वाढवावी म्हणून खासदारांना पत्र लिहिणे ही तर दहा रुपयांची देखील बाब नाही.

दोन आठवड्यांनी दोघे भाऊ मगरिबनंतर आले. मी सांगितले, की माझे मत असे: आपल्या देशाच्या संरक्षणासाठी चालणाऱ्या सरकारी कारखान्यातील मजुरी हलाल आहे. तेथील माल प्रामुख्याने आपल्याच सैन्यासाठी असतो, देश राखणे हे अतिक्रमण नव्हे, आणि जे ठाऊक नाही त्याचे ओझे कारागिरावर नाही. थोरल्याचे समाधान झाले नाही. त्याने विचारले, "आणि ठाऊक झाले तर? एखाद्या पेटीवर नाव दिसले तर?"

मी म्हणालो, की तेव्हा हुकूम बदलेल. ज्या दिवशी निश्चित कळेल, की हा माल निरपराधांवर चालविणाऱ्यासाठीच बनत आहे, त्या दिवशी ते काम त्याच्यासाठी मकरूहच्या वर जाईल. त्याने दुसऱ्या विभागात बदली मागावी आणि न मिळाली तर रोजी देणारा अल्लाह आहे. हे बोलणे मला सोपे आहे, कारण माझा पगार त्या कारखान्यातून येत नाही, हेही मी त्याला सांगितले. शिवाय अधिक जाणकार मुफ्तींना विचारावे म्हणून अकलकुव्याच्या जामिआचा पत्ता दिला.

धाकटा तिकडे जाऊन आला. त्याने अर्ज भरला आहे. निवड यादी अजून लागलेली नाही. वडील रोज विचारतात, आणि थोरला अजूनही त्याच्याशी वाद घालतो.